अडतीस रीळं, तीन वारस आणि ओहायोत दिसलेलं सांता फेचं इंजिन

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, गावाचं नावही देत नाही. मी ज्या छोट्या रेल्वे म्युझियममध्ये सुट्टीच्या दिवशी व्हॉलंटियर म्हणून जातो तिथे हे लोक जुन्या फिल्मची रीळं घेऊन आले, त्यामुळे सगळं जवळून बघायला मिळालं.

आजोबा टेलिफोन कंपनीत लाइनमन होते. रेल्वेशी नोकरीचा काही संबंध नाही, पण वेड असं की सुट्टी मिळाली की बायकापोरांना गाडीत घालायचं आणि कुठल्यातरी लेव्हल क्रॉसिंगवर जाऊन बसायचं. १९४०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी १६ एमएमचा कॅमेरा घेतला आणि पुढची दहा-बारा वर्षं जमेल तेव्हा शूट करत राहिले. ओहायो म्हणजे त्या काळी रेल्वेवेड्या माणसाची चंगळच होती, कारण न्यू यॉर्क सेंट्रल, पेनसिल्व्हेनिया, बाल्टिमोर अँड ओहायो, एरी, निकेल प्लेट असल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेद देत जायचे आणि दक्षिणेला गेलं की नॉरफोक अँड वेस्टर्न.

आणि वेळही नेमकी होती. वाफेच्या इंजिनांची ती शेवटची वर्षं. न्यू यॉर्क सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया दोघांनी १९५७ मध्ये वाफ बंद केली, निकेल प्लेटने १९५८ मध्ये, नॉरफोक अँड वेस्टर्न १९६० पर्यंत तग धरून होती. इंजिनं सरळ भंगारात गेली. न्यू यॉर्क सेंट्रलची ४-६-४ (पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी चाकं अशी मोजणी) हडसन इंजिनं २७५ होती, एकही उरलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाची टी-१ ही निमुळत्या नाकाची इंजिनं ५२ होती, तीही सगळी कापली. म्हणजे ही इंजिनं धावताना कशी दिसायची हे बघायचं तर फिल्मशिवाय दुसरा मार्गच नाही, आणि त्यातली बरीच फिल्म असल्या हौशी लोकांच्या माळ्यावर पडलेली असते.

आजोबा १९९८ मध्ये गेले. मागे तीन मुलं. रीळं थोरल्या मुलीच्या घरी माळ्यावर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि दोन पत्र्याच्या पेट्यांत. एकूण अडतीस. बहुतेक कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म, थोडी ब्लॅक अँड व्हाइट. बरीचशी शंभर फुटी, म्हणजे साधारण ४००० फ्रेम, सेकंदाला १६ फ्रेमच्या हिशोबाने चार मिनिटांच्या आसपास. काही आजोबांनी स्वतः जोडून मोठी केलेली.

अडचण नेमकी काय होती

थोरलीने घर विकायला काढलं तेव्हा माळा रिकामा करताना पेटी उघडली आणि व्हिनेगरचा भपकारा आला. लोणच्याची बरणी फुटलीये की काय असं तिला वाटलं. शेजाऱ्याने सांगितलं की जुनी फिल्म आहे, पेट घेईल, घराबाहेर काढा. तर तिने दोन पेट्या उचलून अंगणातल्या शेडमध्ये ठेवल्या, भर जुलैमध्ये, जिथे माळ्यापेक्षा जास्त गरम होतं.

शेजाऱ्याचं म्हणणं चुकीचं होतं. पेट घेणारी नायट्रेट फिल्म होती ती ३५ एमएमची, सिनेमा थिएटरवाली, ती १९५०च्या सुरुवातीपर्यंत चालली. कोडॅकने १९२३ मध्ये १६ एमएम आणली ती घरगुती वापरासाठीच, त्यामुळे पहिल्यापासून ॲसिटेटवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर. पण ॲसिटेटचं दुखणं वेगळं. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्याचा पाया सडायला लागतो, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड सडणं अजून वाढवतं. एकदा हे चक्र सुरू झालं की उलटं फिरवता येत नाही, फक्त थंडीत ठेवून मंद करता येतं. फिल्म आकसते, वाकडी होते, शेवटी ठिसूळ होऊन तुटते. गंमत म्हणजे कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवले तर प्रचंड टिकतात, त्यामुळे असंही होतं की रंग कालच शूट केल्यासारखे आणि खालची पट्टी मात्र मरायला टेकलेली.

ही झाली रसायनाची अडचण. दुसरी अडचण माणसांची, आणि माझ्या मते तीच जास्त अवघड होती. थोरलीला रीळं लवकरात लवकर घराबाहेर हवी होती. मधल्या भावाला एका कलेक्टरचा फोन आला होता, तो सगळी रीळं 'सर्व हक्कांसह' एकरकमी विकत घ्यायला तयार होता. धाकटीला रेल्वेशी काही देणंघेणं नव्हतं, तिला फक्त आईचे आणि लहानपणीचे शॉट हवे होते. आणि थोरलीचा मुलगा, म्हणजे नातू, विशीतला, त्याला हे सगळं एआयने चकाचक करून यूट्यूबवर टाकायचं होतं. चौघंही आपापल्या जागी बरोबर होते, हाच तर त्रास.

पहिला निर्णय: प्रोजेक्टर लावायचा का

म्युझियमकडे यायच्या आधीच एक निर्णय होऊन गेला होता. पेट्यांसोबत आजोबांचा जुना प्रोजेक्टर होता आणि नातवाने तो दुरुस्त केला. थँक्सगिव्हिंगला सगळे जमणार होते, तेव्हा भिंतीवर लावून बघू असं ठरलं. पहिलं रीळ नीट चाललं. दुसरं चाललं. तिसरं अर्ध्यात अडकलं आणि प्रोजेक्टरच्या पंजांनी काही फूट फिल्मची छिद्रं फाडली. फिल्म आकसलेली होती, छिद्रांमधलं अंतर कमी झालेलं, पण प्रोजेक्टरचे दात मूळ अंतरासाठी बनवलेले. आकसणं एक टक्क्याच्या जवळ गेलं की प्रोजेक्टर म्हणजे कात्रीच समजा.

नशीब एवढंच की तिथे थांबले. ते फाटलेलं रीळ पुढे स्कॅन झालं पण तो भाग आजही थरथरतो. मी इथे नातवाला दोष देणार नाही, त्याने प्रोजेक्टर नसता लावला तर घरात कोणाला या रिळांत काय आहे हे कळलंच नसतं आणि कलेक्टरचा चेक घेऊन विषय संपला असता. भिंतीवर आई दिसली म्हणून धाकटी रडली, आणि विकायचं नाही हे तिथल्या तिथे जवळजवळ ठरलं. पण निदान वास येणारी रीळं बाजूला काढून बाकीची लावता आली असती.

समोर असलेले पर्याय

म्युझियममध्ये बसून जे पर्याय टेबलावर आले ते असे.

कलेक्टरला विकणं. पैसे लगेच, डोकेदुखी शून्य. पण कलेक्टरला फक्त रेल्वेचे शॉट हवे होते आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं की घरगुती भाग तो कापून परत देईल. वरवर बघता हे सगळ्यांच्या फायद्याचं वाटतं, त्याला इंजिनं, धाकटीला आई. हाच पर्याय सगळ्यात घातक का होता ते पुढे येईलच.

जवळच्या दुकानात डीव्हीडी करून घेणं. स्वस्त. पण हे लोक बहुतेक वेळा प्रोजेक्टर आणि कॅमेरा समोरासमोर ठेवूनच करतात, म्हणजे आकसलेल्या फिल्मची पुन्हा तीच कथा, आणि फ्रेमची कड कापली जाते. त्या कडेवर काय असतं तेही पुढे सांगतो.

सगळी अडतीस रीळं चांगल्या लॅबमध्ये स्कॅन करणं. दात नसलेले स्कॅनर असतात, रबरी रोलरवर फिल्म सरकते आणि एकेक फ्रेमचा फोटो निघतो, आकसलेली फिल्मही चालते. उत्तम पर्याय, पण एकदम सगळ्याचा खर्च कोणाला झेपणारा नव्हता.

नॅशनल फिल्म प्रिझर्व्हेशन फाउंडेशन नावाची संस्था आहे, अमेरिकन काँग्रेसने १९९६ मध्ये स्थापन केलेली, ती असल्या कामाला ग्रँट देते. पण ग्रँट संस्थांना मिळते, घरच्या लोकांना नाही. म्हणजे आधी रीळं म्युझियमला द्यायची, मग म्युझियमने अर्ज करायचा, मग वाट बघायची. सडणारी फिल्म वाट बघत नाही, त्यामुळे हे नंतरसाठी ठेवलं.

आणि शेवटचा पर्याय, जो घेतला: आधी तपासणी, मग क्रम लावायचा, सगळ्यात आजारी ते आधी स्कॅन, बाकीचं थंडीत.

काय केलं

तपासणीला ए-डी स्ट्रिप वापरल्या. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने बनवलेले हे कागदाचे तुकडे, निळ्या रंगाचे. डब्यात रिळाबरोबर टाकायचे, डबा बंद करून खोलीच्या तापमानाला निदान एक दिवस ठेवायचा. ॲसिड असेल तर निळ्याचं हिरवं आणि मग पिवळं होतं. शून्य ते तीन अशी पातळी, दीडच्या वर गेलं म्हणजे ते स्वतःला खाणारं चक्र सुरू झालेलं. नाकाने वास घेऊन ठरवायचं हे तब्येतीलाही वाईट आणि फसवंही, कारण एकाच पेटीत ठेवलेल्या चांगल्या रिळालाही शेजाऱ्याचा वास लागतो.

अडतीसपैकी नऊ दीडच्या वर. ती वेगळी काढली, हवेशीर डब्यात ठेवली, बाकीच्यांपासून लांब. दोन रिळांचं तर काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं, चिकटून वडीसारखी झाली होती. डब्यावर आजोबांच्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचता येत होतं, आत काही नाही. त्यातल्या एकावर 'टी-१, क्रेस्टलाइन' असं होतं. क्रेस्टलाइन हे पेनसिल्व्हेनियाच्या शिकागो लाइनवरचं ओहायोतलं इंजिन बदलायचं ठिकाण, आणि टी-१ कलरमध्ये... जाऊ दे, लिहितानाही त्रास होतो.

उरलेली सात लगेच लॅबला गेली. लॅबला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या. एक, ओव्हरस्कॅन करा, म्हणजे छिद्रांसकट पूर्ण रुंदी येऊ द्या, चौकट कापू नका. दोन, रंग, थरथर, धूळ, काहीही 'सुधारू' नका, कच्चा स्कॅन तसाच द्या, सुधारणा आम्ही कॉपीवर करू. लॅबवाल्याला हे जरा विचित्र वाटलं कारण घरगुती गिऱ्हाईक नेमकं उलट मागतं.

बाकीची एकोणतीस दुहेरी पिशव्यांत, ओलावा दाखवणारं कार्ड टाकून, सीलबंद करून डीप फ्रीझरमध्ये. बाहेर काढताना पिशवी न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर फिल्मवर पाणी सुटतं.

आणि एक काम जे फुकटात झालं आणि ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला: प्रत्येक पिवळी खोकी, प्रत्येक डबा, प्रत्येक चिठ्ठी, जशी होती तशी फोटो काढून ठेवली, काही हलवायच्या आधी. कोडॅककडून डेव्हलप होऊन आलेल्या खोक्यांवर पोस्टाचे शिक्के असतात. रीळं भलत्याच खोक्यात गेलेली असतात हे मान्य, पण निदान कुठली खोकी कुठल्या रिळाच्या शेजारी होती एवढं तरी हातात राहतं.

सांता फेचं रीळ

आता या प्रकरणातला माझा आवडता भाग.

सातपैकी एका रिळात सुरुवातीला अंगणात खेळणारी मुलं, मग उभी असलेली गाडी, गाडीच्या टपावर बसलेली धाकटी, आणि मग एकदम एक अजस्र २-१०-४ इंजिन, मागे टेंडरवर, म्हणजे इंधन-पाण्याच्या डब्यावर, मोठ्या अक्षरात सांता फे. परत मुलं. परत मालगाडीचे डबे.

सांता फे म्हणजे शिकागोपासून कॅन्सस, न्यू मेक्सिको करत कॅलिफोर्नियापर्यंत जाणारी कंपनी. ओहायोत तिचा एक फूट रूळ नव्हता. घरचे म्हणाले की आजोबा एकदा पश्चिमेला ट्रिपवर गेले होते, तिथला तुकडा चुकून इथे जोडला गेला असणार. नातवाने तर टाइमलाइनवर तो तुकडा कापून 'पश्चिम' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलाही होता. कच्चा स्कॅन शाबूत होता म्हणून काही बिघडलं नाही.

म्युझियममधल्या एका निवृत्त गार्डने बघितलं आणि म्हणाला थांबा. मागचं शेत बघा, मका. डबे बघा, कोळशाचे हॉपर, त्यांच्यावर पेनसिल्व्हेनिया लिहिलंय. आणि सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा, त्याच्यावर कीस्टोन, म्हणजे पेनसिल्व्हेनिया कंपनीचं चिन्ह. सांता फेचं इंजिन पेनसिल्व्हेनियाची गाडी ओढतंय, तेही मक्याच्या शेतातून.

१९५६ मध्ये हे खरंच घडलं होतं. कोळसा आणि लोहखनिजाची वाहतूक वाढली, पेनसिल्व्हेनियाला इंजिनं कमी पडली, आणि सांता फेकडे डिझेल आल्यामुळे त्यांची ५०११ क्लासची २-१०-४ इंजिनं रिकामी उभी होती. बाल्डविनने १९४४ मध्ये बनवलेली, तेलावर चालणारी, एकूण २५. त्यातली १२ पेनसिल्व्हेनियाने भाड्याने घेतली आणि कोलंबस ते सँडस्की या लाइनवर लावली. कोलंबसहून कोळसा वर एरी सरोवराच्या धक्क्यावर, येताना लोहखनिज. पेनसिल्व्हेनियाची स्वतःची जे-१ ही २-१०-४ इंजिनंही त्याच लाइनवर होती. हा प्रकार काही महिनेच चालला, वर्षाच्या आत इंजिनं परत गेली. पुढे १९६४ मध्ये ती लाइनच नॉरफोक अँड वेस्टर्नने विकत घेतली.

पण गार्डला वाटलं म्हणून तारीख लावायची नसते. तीन गोष्टी जुळवल्या. पहिली, फिल्मच्या कडेवरची खूण. कोडॅक फिल्मच्या काठावर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापायची, त्यावरून फिल्म कुठल्या साली बनली ते कळतं. कॅच अशी की या खुणा दर वीस वर्षांनी परत येतात. इथे खूण निघाली ती १९३५, १९५५ किंवा १९७५ ची. १९३५ मध्ये हे इंजिन जन्मालाच आलं नव्हतं, १९७५ मध्ये ही इंजिनं मालगाड्या ओढत नव्हती. म्हणजे फिल्म १९५५ ला बनली, शूट त्या साली किंवा नंतर. डीव्हीडीवाल्या दुकानात गेले असते तर नेमकी हीच कड कापली गेली असती.

दुसरी गोष्ट, गाडी. ज्या शॉटमध्ये धाकटी टपावर बसलीये त्यात मागची नंबरप्लेट स्वच्छ दिसते. तेव्हा ओहायोत दरवर्षी नवी प्लेट मिळायची आणि तिच्यावर साल असायचं. ५६.

तिसरी, सलगता. मुलांच्या शॉटपासून इंजिनाच्या शॉटपर्यंत फिल्मला कुठेही जोड नाही. अंगण, टपावरची मुलगी, इंजिन, परत मुलं, सगळं एकाच अखंड पट्टीवर. म्हणजे पश्चिमेचा तुकडा जोडलाय हा तर्क तिथेच संपला, आणि टपावरच्या मुलीची तारीख ती इंजिनाचीही.

आता कलेक्टरच्या ऑफरकडे परत बघा. त्याने घरगुती भाग कापून दिला असता, तर धाकटीकडे लहानपण गेलं असतं, त्याच्याकडे इंजिन गेलं असतं, आणि हे इंजिन कधी आणि कुठे हे सिद्ध करणारा दुवा कचऱ्याच्या डब्यात. रेल्वेवाले लोक घरगुती शॉटना 'फालतू' म्हणतात, मला ते कधीच पटलेलं नाही आणि या रिळानंतर तर अजिबातच नाही. हौशी माणसाने इंजिनासोबत स्वतःची पोरं शूट केली म्हणूनच आज ते इंजिन कुठल्या दिवसातलं ते सांगता येतंय.

जागा मात्र अजून पक्की नाही. मागे धान्याचं उंच कोठार दिसतं. एक गट म्हणतो मॅरियनच्या उत्तरेला, दुसरा म्हणतो ब्युसायरसच्या जवळ. दोन्ही बाजूंनी जुने नकाशे काढून झालेत.

स्पीड, आवाज आणि एआय

या फुटेजमधला काही भाग १९९०च्या सुरुवातीला एका व्हिडिओ बनवणाऱ्याने आजोबांकडून मागून नेला होता आणि व्हीएचएस कॅसेटमध्ये वापरला होता. नाव घेत नाही. कॅसेट घरात होती, ती बघितली तर सगळ्या गाड्या सुसाट. कारण सोपं आहे, शूट सेकंदाला १६ फ्रेमने, ट्रान्सफर २४ ने, म्हणजे सगळं दीडपट वेगात.

नातवाने विचारलं की मग खरा स्पीड कसा कळणार? तर चाक मोजा. ५०११ क्लासच्या मोठ्या चाकाचा व्यास ७४ इंच, म्हणजे एका फेऱ्यात साधारण १९.४ फूट. स्कॅनमध्ये एका पूर्ण फेऱ्याला सात फ्रेम लागतात. १६ च्या हिशोबाने ताशी ३० मैल, १८ ने ३४, आणि २४ ने ४५. कोळशाने भरलेली लांबलचक गाडी ४५ ने धडधडत जाणं अवघड, ३० बरोबर वाटतो. १६ की १८ हे यावरून ठरत नाही, पण २४ नक्की नाही एवढं ठरतं. कच्च्या फाइलला हात लावला नाही, बघायच्या कॉपीत १६ धरलं.

आवाजाचा वाद जास्त झाला. फिल्म मुकी. व्हीएचएसवाल्याने कुठलातरी इंजिनाचा आवाज आणि शिट्टी चढवली होती, आणि ज्याला कान आहे त्याला लगेच कळतं की भुसभुस चाकाशी जुळत नाही. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे एका फेऱ्यात चार फुत्कार पडतात, तिथे सहा-सात ऐकू येत होते. मधल्या भावाला आवाज हवाच होता, मुकं बघायला कंटाळा येतो म्हणाला, आणि खरंय ते. शेवटी दोन कॉपी केल्या, एक मुकी, एक आवाजाची, आणि आवाजाच्या कॉपीवर पहिल्याच पाटीवर लिहिलं की आवाज मागाहून घातलेला आहे, या इंजिनाचा नाही.

एआयचं असं झालं. नातवाने एक क्लिप ६० फ्रेम आणि ४के करून आणली. पहिल्यांदा बघून सगळे खूश, मीसुद्धा. मग कोणीतरी थांबवून थांबवून बघितलं. चाकं जोडणारे दांडे दोन फ्रेमच्या मध्ये विरघळत होते कारण सॉफ्टवेअरला दांडा कुठून कुठे जातो ते माहीतच नाही. धूर प्लॅस्टिकसारखा. आणि कॅबवरच्या नंबरातला शेवटचा ३ नीट टोकदार ८ झाला होता. अस्पष्ट ३ असता तर माणूस शंका तरी घेतो, स्वच्छ ८ वर कोण शंका घेणार! उद्या कोणी त्यावरून १२ भाड्याच्या इंजिनांची यादी बनवली की झालंच. एआयची कॉपी घरच्या ग्रुपवर राहील, बाहेर जाणार नाही, असं नातवानेच स्वतःहून ठरवलं.

हक्कांचा गुंता

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच घरं फुटतात. रीळ हातात असणं आणि कॉपीराइट असणं या अमेरिकन कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी. रीळं थोरलीच्या माळ्यावर होती म्हणून हक्क तिचे होत नाहीत. आजोबांच्या मृत्युपत्रात सगळं तिघांत समान, म्हणजे कॉपीराइटही तिघांचा, आणि तो मृत्यूनंतर ७० वर्षं, इथे २०६८ च्या अखेरपर्यंत.

तिघांपैकी कोणीही एकटा कोणाला वापरायची साधी परवानगी देऊ शकतो, मिळालेले पैसे वाटून घ्यायचे. पण 'सर्व हक्क' द्यायचे तर तिघांच्या सह्या लागतात. कलेक्टरने पाठवलेल्या कागदावर सहीसाठी एकच रेघ होती.

व्हीएचएसवाल्याचं काय? त्याला आजोबांनी तोंडी दिलं होतं, कागद कुठलाच नाही. मालकी द्यायची तर ती लेखीच द्यावी लागते, म्हणजे फार तर वापरायची परवानगी होती असं वकिलाने सांगितलं. तो वकील एका तासाचेच पैसे घेऊन मोकळा झाला, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चातला तो सगळ्यात वसूल झालेला तास.

निकाल

रीळं म्युझियमला दान दिली, दानपत्रावर तिघांच्या सह्या. वस्तू म्युझियमची, कॉपीराइट तिघांकडेच, म्युझियमला दाखवायची आणि अभ्यासकांना द्यायची परवानगी. एक अट धाकटीने घालून घेतली: रीळ कापायचं नाही, घरगुती भाग वेगळा काढायचा नाही. मधला भाऊ थोडा नाराज आहे, कलेक्टरची रक्कम बरी होती. थोरलीचं घर विकलं गेलं.

सातपैकी सहा पूर्ण स्कॅन झाली, सातवं ते थरथरणारं. सांता फेचा शॉट पंचेचाळीस सेकंदांच्या आतबाहेर आहे. बाकीच्यात निकेल प्लेटची २-८-४ बर्कशायर खूप आहेत, बहुतेक लायमामध्ये बनलेली, म्हणजे ओहायोचीच. एका रिळात न्यू यॉर्क सेंट्रलचं, अल्को या अमेरिकन कंपनीने बनवलेलं डिझेल इंजिन काळाकुट्ट धूर ओकत सुटतं. तो बघून मी सरळ पुणे शेडच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनांत पोचलो, ते डिझाइनही अल्कोचंच, आपल्याकडे १९६२ पासून आलं. इथल्या मंडळींना हे सांगितलं तर त्यांना भारीच कौतुक, भारतात अल्को इतकी वर्षं चालले!

फ्रीझरमधल्या एकोणतीसचं काम रखडलंय. पैसे जमतील तशी दोन-तीन करून जातात.

वेगळं काय करता आलं असतं

शेडमध्ये ठेवलेला तो जुलै टाळता आला असता. घरातला तळघराचा थंड कोपरा तात्पुरता तरी चालला असता, फक्त ओल नको. ती दोन रीळं त्या महिन्यातच गेली असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आधीच गेलेली असतील, पण उन्हाने मदत तर नक्कीच केली नाही.

दुसरं, लॅबला पाठवायचा क्रम फक्त स्ट्रिपच्या रंगावरून लावला. तो बरोबरच होता, पण डब्यावरचं लिहिलेलंही त्यात धरायला हवं होतं असं मला वाटतं. एकाच पातळीवरच्या दोन रिळांपैकी एकावर 'नाताळ' लिहिलंय आणि दुसऱ्यावर 'क्रेस्टलाइन', तर दुसरं आधी. यावर म्युझियममध्ये एकमत नाही, आमची अर्काइव्ह बघणारी बाई म्हणते की डब्यावरच्या अक्षरावर विश्वास ठेवायला लागलात की संपलं, आतली रीळं बदललेली असतात. तिचंही खरंय, 'पश्चिम १९५१' लिहिलेल्या डब्यात आम्हाला बारशाचं शूटिंग मिळालं.

तिसरं, मधल्या भावाला कच्चा स्कॅन दाखवताना रेकॉर्डर सुरू ठेवायला हवा होता. १९५६ मध्ये तो दहा वर्षांचा होता, त्या गाडीच्या मागच्या सीटवर. पहिल्यांदा बघताना तो धडाधड बोलत सुटला, कुठल्या रस्त्याने गेलो, वाटेत कुठे थांबलो, कोठाराच्या मालकाशी बाबा काय बोलले, आणि खोलीत बसलेल्या कोणीही ते लिहून घेतलं नाही. नंतर मुद्दाम बसवून विचारलं तेव्हा निम्मं आठवेना आणि उरलेलं आमच्या नकाशांच्या वादातलं ऐकून त्यात मिसळलेलं. आता फ्रीझरमधलं प्रत्येक नवं रीळ स्कॅन होऊन आलं की आधी तिघा भावंडांना एकेकटं दाखवायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं, मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं असं ठरवलंय.